पोचलं का?

आमच्या घरमालकांकडे चहाला गेलं की सगळ्यात शेवटी आलेल्या माणसाला पहिला कप मिळायचा. तुम्ही अर्धा तास आधी येऊन सोफ्यावर बसलेले असा, वयाने मोठे असा, अगदी त्यांचे व्याही असा. ट्रे तुमच्या नाकासमोरून सरळ दाराकडे जायचा आणि चपला काढणाऱ्या माणसापुढे थांबायचा. मी खोली बघायला पहिल्यांदा गेलो तेव्हा गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला माझ्याआधी चहा मिळाला. बिचाऱ्याने तो सिलिंडर खांद्यावर असतानाच प्यायला.

"टेलला आधी," घरमालक मला म्हणाले. "हेडवाल्याचं काय शे ना, तो कालव्याच्या तोंडाशीच बसलेला. त्याला कधीही मिळतं. शेवटच्याला आधी दिलं तरच सगळ्यांना पुरतं."

मला वाटलं, म्हातारा जरा हललेला दिसतो. भाडं वाजवी होतं म्हणून मी राहिलो. पुढे कळलं की ते हललेले वगैरे नव्हते, ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. सबंध नोकरी त्यांनी कालव्यावर काढली. कालव्याचं पाणी आधी शेवटच्या शेताला, म्हणजे टेलला द्यायचं आणि मग एकेक गेट बंद करत वर यायचं, म्हणजे वरचे लोक मधेच पाणी खात नाहीत, हा त्यांचा कामाचा नियम. नोकरी सुटली, नियम काही सुटला नाही. मूळचे ते सटाण्याकडचे. नाशकात इतकी वर्षं काढून बोलणं शहरी झालं होतं, पण एखादी गोष्ट मनापासून सांगायची असली की वाक्यात कुठेतरी 'आहे'च्या जागी 'शे' यायचा. आम्ही सगळे भाडेकरू त्यांच्यामागे त्यांना 'पाटकरी', म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा, म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

मी सगळ्यात वरच्या मजल्यावर. म्हणजे त्यांच्या हिशेबाने टेल. त्यामुळे टाकीचं पाणी, पेपर, दिवाळीचा फराळ, सगळं आधी माझ्याकडे यायचं आणि खालच्या मजल्यांवरचे लोक माझ्याकडे दातओठ खात बघायचे. वस्तू पाठवली की जिन्यात उभं राहून ते वर तोंड करून विचारायचे, "पोचलं का?" उत्तर मिळेपर्यंत हलायचे नाहीत. व्हॉट्सॲपवर गुलाबाचं फूल पाठवायचे आणि मग चार जिने चढून येऊन विचारायचे, "पोचलं का?"

"निळ्या खुणा दिसतात की काका," मी एकदा म्हणालो.

"खुणांवर माझा विश्वास नाही. माणसाने तोंडाने सांगावं लागतं. आणि तोंडाने तर कोणी सांगतच नाही. मी कालव्याच्या पाण्याची इतकी आवर्तनं काढली, एक टेलवाला आजवर 'पोचलं' म्हणाला नाही. गुडघाभर पाण्यात उभा असतो, धोतर वर धरलेलं, आणि मला म्हणतो, साहेब, थेंब नाही आला."

त्यांची आणखी एक मक्तेदारी होती. इमारतीत कोणाकडेही तेलाचा पंधरा किलोचा डबा आला की तो फोडायचा अधिकार त्यांचा. वास लागल्यासारखे हातोडी आणि मोठा खिळा घेऊन हजर व्हायचे. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन भोकं पाडायचे. एकातून तेल बाहेर येतं, दुसऱ्यातून वारा आत जातो. "एकच भोक पाडलं तर डब्याला उचकी लागते," असं ते दर वेळी सांगायचे आणि आम्ही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवायचो. तळमजल्यावरच्या नव्या भाडेकरूने एकदा कात्रीने स्वतःच डबा फोडला. त्याला दिवाळीचा फराळ त्या वर्षी सगळ्यांत शेवटी मिळाला. तो म्हणाला, बरं झालं, शेव ताजी होती.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा खटाटोप त्यांच्या पायांसाठी झाला. काकू बुटक्या, शांत आणि सदा थंडी वाजणाऱ्या. मे महिन्यात नाशिक तापलेलं असताना त्या लोकरी मोजे घालून कैरीचं लोणचं घालायच्या. पण या बाईंना आयुष्यात एकच हौस होती, बर्फ बघायचा. माहेरी निफाडला त्यांच्या लहानपणी भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्यावर बर्फात उभं लाकडी घर होतं. वर्ष संपलं तरी वडिलांनी ते काढलं नाही. लग्नात काकांनी शब्द दिला की एका हिवाळ्यात नेतो.

हिवाळ्यात नेतो म्हणणारा माणूस पाटबंधाऱ्यातला असू नये. हिवाळा म्हणजे रब्बी. गहू, कांदा, हरभरा, सगळे आ वासून बसलेले. त्या दिवसांत कालव्यावरच्या माणसाला सुट्टी मिळत नाही. मिळायची ती पावसाळ्यात. त्यामुळे काकूंनी महाबळेश्वर पावसात पाहिलं, मसुरी पावसात पाहिली आणि सगळीकडे धुकं बघून परत आल्या. काका निवृत्त झाले तोवर काकूंचे गुडघे गेले, पाय कायमचे गार पडायला लागले आणि त्यांनी बर्फाचं नाव टाकलं. हॉटेलचा जिना नको, परक्या गाद्या नकोत, थंडी तर नकोच.

"मग घरच घेऊन जाऊ," काका म्हणाले. आणि एका सकाळी पार्किंगमध्ये शाळेची एक जुनी पिवळी मिनीबस येऊन उभी राहिली.

आतली बाकडी काढून त्यांनी तिचं घर केलं. पुढे ड्रायव्हरच्या मागे एक बाक, मधे ओटा आणि शेगडी, आणि मागे प्लायवूडची भिंत घालून काकूंची स्वतंत्र खोली. तिला दार. दाराला चारी बाजूंनी जुन्या फ्रिजचं रबर लावलेलं, बंद केलं की चप्प. बाहेरचा पिवळा रंग मात्र ठेवला. त्यामुळे ही गाडी रस्त्याने निघाली की दप्तरं घेतलेली पोरं हात करायची, आणि काका प्रत्येक वेळी थांबून त्यांना समजावून सांगायचे.

लडाखकडे जाणारे ट्रकवाले लावतात तसला डिझेलवर चालणारा हीटर त्यांनी बसवला. तो पुढे, बाकाखाली. धूर गाडीबाहेर जायचा आणि गरम वारा एका जाड वळ्यावळ्यांच्या नळीतून मागे काकूंच्या पायाशी यायचा. म्हणजे यावा अशी अपेक्षा होती.

काकूंनी अट घातली. "माझ्या माहेरी, निफाडला एक रात्र. खऱ्या थंडीत. माझे पाय गरम राहिले तर मी बर्फाला येईन. नाही राहिले तर गाडी विकायची आणि पुन्हा बर्फाचा विषय काढायचा नाही."

निफाडची थंडी काय असते हे नाशिककरांना सांगायला नको. तिथे तर काकूंनी जाणूनबुजून परीक्षा ठेवली होती. काका म्हणाले, "मंजूर."

तयारीच्या दिवसांत माझी नेमणूक झाली. मी अंबडच्या एका कंपनीत हिशेब बघतो. काकांनी ठरवलं होतं की कंपनीत जातो तो इंजिनीअर. मी कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. माझं काम एवढंच, की संध्याकाळी ऑफिसातून आलं की मोजे काढून मागच्या खोलीत पलंगावर आडवं व्हायचं, काका दार चप्प बंद करून पुढे हीटर लावायचे आणि पुढून ओरडायचे, "पोचलं का?"

"नाही काका."

त्या गाडीत पुढे मे महिन्यातलं मालेगाव होतं आणि मागे जानेवारीतलं निफाड. काका पुढे बनियनवर घामाने निथळत बसलेले आणि मी मागे काकूंची शाल पांघरून कुडकुडत. मधे ओट्यापाशी तेवढं सुखाचं नाशिक.

काकांना पहिला संशय चोरीचा आला. कालव्यावर पाणी टेलला पोचत नाही याचा अर्थ मधे कोणीतरी खातंय. बॅटरी घेऊन त्यांनी नळीवर गस्त घातली. ओट्यापाशी नळीला एक तोंड ठेवलं होतं, भांडी घासताना काकूंच्या हाताला ऊब मिळावी म्हणून. "हा बघा चोर," असं म्हणून त्यांनी ते बंद केलं. मागे फरक पडला नाही. मग गळती. नळीला त्यांनी कांद्याच्या गोण्या गुंडाळल्या, वरून गोधडी गुंडाळली. नळी इतकी जाड झाली की ती ओलांडून जाताना मला पाय उचलावा लागायचा. आतून वारा तेवढाच. म्हणजे नाहीच.

मग एके दिवशी मी घरी आलो तर मिनीबस नाक वर करून उभी. पुढच्या दोन्ही चाकांखाली विटांचे थर.

"उतारच दिला नव्हता," काका कपाळावर हात मारत म्हणाले. "उतारावाचून पाणी कुठे जातं का? साधी गोष्ट शे."

मी हिशेबातला माणूस, पण गरम वारा वर चढतो एवढं मलाही शाळेत शिकवलं होतं. मी ते सांगितलं. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही नदीकाठी राहिला नाहीत ना, त्यामुळे." मी पलंगावर आडवा झालो आणि हळूहळू घसरत मागच्या काचेला जाऊन टेकलो. वर दोरीवर वाळत घातलेल्या काकूंच्या दोन साड्याही माझ्यामागून आल्या. पुढून आवाज आला, "पोचलं का?" मी म्हणालो, "मी पोचलो काका. वारा नाही आला."

थंडीची लाट आल्याची बातमी लागली आणि आम्ही निफाडला गेलो. हो, मलाही नेलं. काकूंचे भाऊ द्राक्षवाले. बागेच्या कडेला आमची गाडी लावली, मी त्यांच्या घरात झोपलो आणि काका-काकू गाडीत. काका पुढच्या बाकावर हीटरजवळ. गेटवर माणूस हवाच, हा त्यांचा नियम. काकू मागच्या खोलीत, दार चप्प बंद.

पहाटे उठून मी बाहेर आलो तेव्हा बागेत ओळीओळींच्या मधे शेकोट्या पेटल्या होत्या. कडाक्यात द्राक्षमणी तडकतात, म्हणून निफाडकर घराआधी बागेला शेकतात. धुरात काकूंचे भाऊ कानाला मफलर बांधून फिरत होते. आणि त्या धुरातून आवाज येत होता.

"पोचलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही हो."

"दाजी," काकूंच्या भावाने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली, "ताईला शेकोटीपाशी येऊ द्या. लय गारठा हाय. माझी द्राक्षं तिच्यापेक्षा गरम हायत."

काकू एका हाताने गुडघा धरून खाली उतरल्या. अंगावर दोन शाली, नाक लाल. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. एवढंच म्हणाल्या, "जाऊ द्या. गाडी छान झाली होती." आणि भावजयीला मदत करायला घराकडे गेल्या.

काका पायरीवर बसले. निफाडच्या त्या थंडीत बनियन आणि अर्ध्या चड्डीवर. डोक्यावर मात्र ती चॉकलेटी कानटोपी, जी ते बाराही महिने घालायचे आणि जिला काकूही हात लावू शकत नसत. इतके दिवस मला त्यांचं हसू यायचं, त्या वेळी नाही आलं. मी शेजारी बसलो.

"सबंध जन्म लोकांच्या टेलला पाणी दिलं," ते म्हणाले. "हिची पाळी प्रत्येक हिवाळ्यात पुढे ढकलली. म्हटलं, घरचंच माणूस, ते थांबतं. आता पाणी सोडलं तर पोचत नाही."

मी म्हणालो, "चला, आत चहा झाला असेल." चहाची मला खरंच गरज होती.

घरात भजी करायची तयारी चालली होती. तेलाचा नवा डबा मधोमध ठेवून काकूंच्या भावाने त्याला खिळ्याने एक भोक पाडलं आणि डबा कढईवर तिरका केला. डबा गुडूक म्हणाला, थोडं तेल ओकला, थांबला, पुन्हा गुडूक. दुःखात असले तरी काका काकाच होते. त्यांनी पुढे होऊन मेहुण्याच्या हातातून हातोडी घेतली.

"एकच भोक? वारा कुठून जाईल आत? दहा वेळा सांगितलंय, एका भोकाच्या डब्याला उचकी लागते. कोंडलेल्या डब्यातून काही बाहेर येत नाही आणि त्यात काही…"

ते थांबले नाहीत, त्यांना काकूंनी थांबवलं. पिठाचा हात तसाच वर धरून त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझ्या खोलीला भोकं किती?"

काका हातोडी धरून उभे. खोलीला नळीचं एक भोक. बाकी दाराला फ्रिजचं रबर, काचेला पुट्टी, फटीत कापूस. टेलला आलेलं पाणी थेंबभरसुद्धा मागे फिरता कामा नये म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी सगळं बंद केलेलं. आतला गार वारा बाहेर पडायला वाट नाही, मग गरम वारा शिरणार कुठे?

"एक," ते हळूच म्हणाले.

"आणि सगळ्या बिल्डिंगचे डबे तुम्ही फोडता."

भजी बाजूला राहिली. काका हातोडी आणि खिळा घेऊन गाडीकडे जवळजवळ पळत गेले, मागून मेहुणे करवत घेऊन. त्या सुंदर, चप्प बसणाऱ्या दाराला खाली पायाशी एक चौकोनी खिडकी पाडली. ती पाडताना काकांचा चेहरा बघवत नव्हता. "टेलचं पाणी परत हेडला," ते पुटपुटत होते. "खात्यात कळलं तर काय म्हणतील." काकूंना आत झोपवलं, दार लावलं, हीटर सुरू केला. आम्ही तिघं दाराबाहेर, ओट्यापाशी.

थोड्या वेळाने काकांनी विचारलं, "पोचलं का?"

आतून काही नाही.

"अगं, पोचलं का?"

काही नाही. काकांचा रंग उतरला. त्यांनी त्या नव्या खिडकीला डोळा लावला, मग तोंडावर बोट ठेवून आम्हाला बोलावलं. दोन्ही शाली लाथेने खाली ढकललेल्या, मोजे काढून उशाशी ठेवलेले आणि काकू गाढ झोपलेल्या.

"टेलवाला झोपला," काका कुजबुजले, "म्हणजे पोचलं." आणि मेहुण्याच्या खांद्यावर डोकं ठेवून चक्क रडले. मेहुणे मला म्हणाले, "तुम्ही भजी खाऊन घ्या, दाजींना वेळ लागंल."

त्याच हिवाळ्यात ते निघाले. आग्र्याच्या रस्त्याने मालेगावावरून वर, पिवळी गाडी, पोरं हात करताहेत, काका थांबून समजावून सांगताहेत; पोचायला किती वेळ लागला असेल त्याची कल्पना करा. इमारतीच्या टाकीचा नळ माझ्याकडे सोपवला होता. रोज संध्याकाळी फोन यायचा, टेलला पाणी आधी दिलं का म्हणून. टेल मीच असल्याने मी खरं सांगायचो.

एका संध्याकाळी फोन आला तो हिमाचलातून. बर्फ आला होता. कसा आहे, मी विचारलं.

"कसा काय, सगळा आडवा पडलाय," काका नाराजीने म्हणाले. "इतकं पाणी आणि एक चारी नाही की एक गेट नाही. कुणाचं लक्ष नाही बघा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक काम करा. गच्चीच्या दारामागे खुंटीवर माझी कानटोपी राहिली का बघा. काल डोक्यावर होती असं वाटतं, पण सगळी गाडी उलटी केली, सापडत नाही, म्हणजे तिकडेच राहिली असेल. काल रात्रीपासून कान गोठलेत. काकूशी बोला तोवर, मी हीटर लावतो."

काकू फोनवर आल्या. आवाजात पंधरा वर्षांची पोरगी होती. पांढरं म्हणजे किती पांढरं हो, असं त्या दोनदा म्हणाल्या. तिथे एक लाकडी घरही होतं. अगदी कॅलेंडरवरच्यासारखं, फक्त बाहेर मोबाइलचं रिचार्ज मिळतं अशी पाटी होती.

"आणि पाय?" मी विचारलं.

त्या जरा बाजूला गेल्या असाव्यात, दार चप्प बंद झाल्याचा आवाज आला.

"गार," त्या कुजबुजल्या. "पार बर्फ. पण त्यांना सांगू नका. त्या दाराला खिडकी पाडली ना, तिच्यातून वारा जातो ते खरं, पण त्यांचं घोरणं सगळं आत येतं. पंजाबपर्यंत मी डोळ्याला डोळा लावला नाही. शेवटी काल त्यांची कानटोपी कोंबली भोकात, आणि पलीकडून दिसू नये म्हणून पुढे कणकेचा डबा ठेवला. इतकी छान झोप लागली म्हणून सांगू."

"अहो काकू, पण मग गरम वारा…"

"बर्फ बघायला आल्यावर पाय थोडे गार नको का व्हायला? आणि पाय गार म्हटलं की यांनी गाडी माघारी वळवलीच समजा. मला अजून दोन दिवस राहायचंय."

तेवढ्यात मागून, प्लायवूडच्या पलीकडून, पुढे बनियनवर घामाघूम बसलेल्या माणसाचा आवाज आला.

"पोचलं का?"

काकांना उभ्या नोकरीत गुडघाभर पाण्यात उभं राहून 'नाही' म्हणणारेच भेटले. काकूंनी फोन तोंडापासून लांब धरला आणि गार पडलेल्या पायांनी, अगदी मोठ्याने सांगितलं,

"पोचलं हो, कधीचंच पोचलं."